गडमुडशिंगीहून दर्यातल्या विहिरीकडे

कोल्हापूरला आलेला पाहुणा अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर हवा खातो, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर आडवा हात मारतो, परतताना चपलांचा एक जोड बांधून घेतो आणि गाडीत बसतो. गडमुडशिंगीला मुद्दाम म्हणून कोणी जात नाही. मी मात्र दरवर्षी भाऊबिजेला जातो, कारण माझी धाकटी बहीण तिथे दिलेली आहे.

करवीर तालुक्यातलेच हे गाव, शहराच्या पूर्वेला. एका अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ, दुसऱ्या अंगाला गांधीनगरची कापडपेठ आणि मधल्या मोकळ्या जागेत ऊस. वर्णन एवढ्यात संपते. पण या टापूची एक खुबी आहे. इथला माणूस जग पाहायला फारसा बाहेर पडला नसेल, जगच त्याच्या दाराशी येत राहिले. शेजारच्या वळिवड्याला १९४३ पासून पुढची चार-पाच वर्षे महायुद्धाने देशोधडीला लागलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांतही बायकामुलेच अधिक. ते गेले आणि फाळणीत घरदार गमावलेले सिंधी बांधव तिथे आले. त्यांनी गांधीनगरची पेठ उभी केली. विमाने तर त्याही आधीची. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली, इथला विमानतळ सुरू झाला. पुढे त्याच्या विस्ताराला गडमुडशिंगीची जमीनही लागली.

आता काळ फिरला आहे. गावातली पोरे जगाकडे जाऊ लागली आहेत. माझा भाचा तर अशा ठिकाणी जातो, की ते नकाशात दाखवताना बोट निळ्या रंगावर टेकवावे लागते. तो मुंबई हाय या तेलक्षेत्रात एका कंत्राटदाराकडे वीजतंत्री आहे. सह्याद्री ओलांडल्याशिवाय ज्या गावाला समुद्र दिसत नाही, त्या गावचा मुलगा भर समुद्रात नोकरी करतो!

माझ्या बहिणीला हे अजून पुरते उमगलेले नाही. गेल्या दिवाळीत करंज्या तळता तळता ती मला म्हणाली, "दादा, त्यो पाण्यात ऱ्हातोय का जमिनीवर, ह्येच मला अजून कळंना झालंय."

भाचा हसला. "आई, ती बोट न्हवं आन् जमीनबी न्हवं. लोखंडी पायांवर हुबारलेलं गाव हाय बघ."

तिला नीट समजावून सांगायचे माझ्याकडे आले. आणि समजावण्यासाठी मला फार लांब जावे लागले नाही. दाजींच्या रानातली विहीर जवळच होती.

ही विहीर दाजींच्या वडिलांनी खणली. सात परस खोल; परस म्हणजे पुरुषभर खोली. आधी पाणाड्या आला. हातात ओली फांदी धरून तो रानभर फिरला आणि एका जागी थबकून म्हणाला, "इथं हाय." वरची काळी माती संपली, मुरूम संपला, मग काळा फत्तर लागला. तो सुरुंगाने फोडता फोडता दोन उन्हाळे गेले, बायकोचे डाग गहाण पडले, आणि गावातल्या चार शहाण्यांनी 'खड्डा बुजवून टाक' असा सल्लाही दिला. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी लागले. आरंभी मोट चाले. पुढे कोल्हापुरातच तयार झालेले ऑइल इंजिन आले. कोल्हापूरचे कारखानदार त्या काळी शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांसाठी नावाजलेले. त्याची फुकफुक सुरू झाली की पोरे गोळा होत.

समुद्रातले तेल थेट याच रीतीने सापडले, फक्त पाणाड्या निराळा होता. स्वतंत्र भारताने तेलाच्या शोधासाठी १९५६ साली तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापला. केशवदेव मालवीय हे त्या काळचे मंत्री. या कामामागे त्यांचाच ध्यास होता. गुजरातेत खंबायतजवळ १९५८ साली आणि अंकलेश्वरला १९६० साली तेल लागले. मग विचार आला, की जमिनीवरचे हे थर पुढे समुद्राखाली जात असतील तर? १९६३-६४ च्या सुमारास 'अकॅडेमिक अर्खांगेल्स्की' नावाचे रशियन जहाज अरबी समुद्रात फिरले. त्याच्या हातात फांदी नव्हती. ते पाण्यात आवाजाचा धक्का देई. तो धक्का समुद्रतळाखालच्या खडकांवर आपटून परत येई, आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून खाली कोणता थर किती खोल हे कागदावर उमटे. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरांवर, जिथे पाणी अवघे पाऊणशे मीटर खोल आहे, तिथे खडकाला मोठा फुगवटा असल्याचे त्या कागदांनी सांगितले.

पाणाड्याने जागा दाखवली, तरी खणायचे कशाने? भर समुद्रात विहीर खणण्याचा अनुभव आपल्यापाशी नव्हता. खंबायतच्या आखातात अलियाबेटावर १९७० साली पहिला प्रयत्न झाला. मग जपानमध्ये मित्सुबिशीच्या गोदीत 'सागर सम्राट' हे खोदजहाज बांधून घेतले आणि १९७३ साली ते आपल्याकडे आले. या जहाजाला पाय आहेत. मुक्कामावर पोचले की ते पाय समुद्रतळापर्यंत खाली सोडते आणि स्वतः लाटांच्या वर उचलले जाते. त्याच साली अरब-इस्रायल युद्ध पेटले, कच्च्या तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले आणि आपल्या तिजोरीला घाम फुटला. अशा दिवसांत, फेब्रुवारी १९७४ मध्ये, सागर सम्राटच्या पहिल्याच विहिरीला तेल लागले. २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झाले.

बहिणीने विचारले, "म्हंजे खाली तेलाचं तळं हाय व्हय?" पुष्कळ शिकलेल्यांचाही हाच समज असतो. तळे वगैरे काही नाही. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचलेली चुनखडी आज तळाखाली तेराशे-चौदाशे मीटरांवर आहे. पाण्यात भिजवलेली वीट जशी आतून ओली असते, तसे त्या चुनखडीच्या बारीक छिद्रांत तेल भरलेले आहे. आणि त्याही खाली काय आहे? दाजींच्या विहिरीत सुरुंग लावून फोडला, तोच सह्याद्रीचा काळा फत्तर! पश्चिमेला तो समुद्राखाली गेला आहे आणि मुंबई हायच्या बुडाशीही सापडतो. हे ऐकल्यावर दाजींना त्या समुद्राविषयी प्रथमच आपलेपणा वाटला. म्हणाले, "मग पोरगं काय लई लांब न्हाई म्हणायचं."

भाच्याला परत कामावर जायचे होते. मीही मुंबईचाच रहिवासी, म्हणून आम्ही बरोबर निघालो, आणि तो रुजू होण्याआधीचा एक दिवस मी त्याच्याकडून मागून घेतला. समुद्रातल्या त्या लोखंडी गावात तुमच्या-माझ्यासारख्याला प्रवेश नाही. पण तिथले तेल आणि वायू किनाऱ्याला जिथे लागतात, त्या उरणपर्यंत कोणालाही जाता येते. २०२४ च्या जानेवारीपासून तिथे थेट लोकलही जाऊ लागली आहे, आणि न्हावाशेव्यावर उतरणारा अटल सेतूही त्याच महिन्यात खुला झाला. पण आम्ही जुना मार्ग धरला. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच. मासळीचा वास, तिखट वारा, टोपल्या मांडीवर घेतलेल्या कोळणी, डाव्या हाताला तुर्भ्याच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांची धुराडी.

उरण मोठे जुने गाव. १९३० सालचा चिरनेरचा जंगल सत्याग्रह याच तालुक्यातला. द्रोणागिरीच्या डोंगराला वळसा घालून आम्ही पिरवाडीच्या किनाऱ्याकडे गेलो. वाटेत तारेच्या कुंपणापलीकडे नळांचे जाळे, चांदीसारख्या चकाकणाऱ्या टाक्या आणि एका उंच नळकांड्याच्या टोकाला फडफडणारी ज्योत दिसली. भर दिवसा जळणारी ती ज्योत पाहून माझ्यातला काटकसरी गृहस्थ अस्वस्थ झाला. भाचा म्हणाला, "मामा, ती शेगडीची शिटी समजा. दाब वाढला तर जादा वायू तिथं जाळत्यात. न्हाईतर कुकरच उडंल."

१९७८ साली समुद्राच्या तळावरून मुंबई हाय ते उरण अशा नळवाटा टाकल्या गेल्या, एक तेलाची आणि एक वायूची. त्याआधी तेल जहाजांत भरून आणावे लागे. आता कच्चे तेल उरणहून तुर्भ्याच्या शुद्धीकरण कारखान्यांकडे जाते. वायूतून स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढतात. उरलेल्या वायूवर उरणचे वीजकेंद्र चालते, आणि अलिबागजवळ थळला खताचा कारखाना उभा आहे, त्यालाही वायू लागतो. थळचा युरिया २०२२ पर्यंत 'उज्ज्वला' या नावाने पोत्यांतून गावोगाव जात असे. त्या नावाची रिकामी पोती दाजींच्या खोपीत मी पाहिली होती. त्यांवर बसून चहाही प्यालो होतो. आपल्या चहातली साखर, ती ज्या उसाची तो ऊस, त्याला घातलेला युरिया, तो ज्यापासून झाला तो वायू: अशी मागे मागे जाणारी वाट धरली की माणूस गडमुडशिंगीच्या बांधावरून निघून थेट समुद्रतळाशी पोचतो. अलीकडे परदेशी वायूही यात मिसळतो, त्यामुळे कोणत्या पोत्यात कुठला वायू हे सांगता येणार नाही. नाते मात्र खरे आहे.

पिरवाडीच्या वाळूत बसून भाच्याने मला त्याचा दिनक्रम सांगितला. कायम नोकरीतल्या माणसांची पाळी चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी. कंत्राटदाराच्या माणसांना कधी कधी महिना-महिना राहावे लागते. जाणे-येणे जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टरने, नाहीतर बोटीने. दिवसाचे बारा तास काम. जेवण उत्तम, झोपायला एकावर एक फळ्या. काडेपेटी बाळगायची नाही, विडीकाडीचे तर नावच नको. जाण्याआधी एक परीक्षा द्यावी लागते. हेलिकॉप्टरच्या आकाराच्या पिंजऱ्यात बसवून, पट्टे आवळून, तो पिंजरा पाण्यात बुडवून उलटा करतात, आणि माणसाने न घाबरता खिडकीतून बाहेर यायचे असते.

"भीती नाही वाटली?" मी विचारले.

"पहिल्यांदा वाटली की. पर आपल्या हिरीत पाठीला डबा बांधून दाजीनं वरनं ढकललं हुतं, त्यापरास कायबी न्हवं."

(आमच्या भाच्याने लहानपणी मामाचे ऐकून बापाला 'दाजी' म्हणायला सुरुवात केली, ती सवय अजून सुटलेली नाही.)

मी हसलो खरा. पण ती परीक्षा कशासाठी असते, हे मला ठाऊक होते. ११ ऑगस्ट २००३ ला कामगारांना घेऊन निघालेले हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले आणि सत्तावीस माणसे गेली. २७ जुलै २००५ ची गोष्ट तर मनाला चटका लावणारी आहे. आदल्याच दिवशी मुंबई प्रलयासारख्या पावसात बुडालेली. हेलिकॉप्टरे जमिनीला खिळलेली. 'समुद्र सुरक्षा' नावाच्या जहाजावर स्वयंपाक्याची बोटे कापली गेली. त्याला औषधोपचार मिळावा म्हणून जहाज तेलफलाटाच्या जवळ नेले, उसळत्या लाटांनी ते फलाटावर आदळले, वायूचा नळ फुटला आणि आग भडकली. दोन तासांच्या आत सारा फलाट जळून समुद्रात गेला. तीनशे साठाहून अधिक माणसांना तटरक्षक दलाने, नौदलाने आणि आसपासच्या बोटींनी वाचवले; बावीस परतली नाहीत. स्वयंपाकघरातल्या एका जखमेपासून हे सारे सुरू झाले. ३ सप्टेंबर २०१९ ला उरणच्या प्रकल्पातच आग लागून चौघे गेले. त्यांत ती विझवायला धावलेले जवान होते. आणि १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात 'पी-३०५' हा कामगारांच्या वस्तीचा तराफा बुडाला, त्यात सत्तरांहून अधिक माणसे गेली. त्यांतले बहुतेक कंत्राटी कामगार होते.

भाचा त्या दिवशी गडमुडशिंगीला होता. पाळी संपवून तो नुकताच घरी आलेला. बहीण सांगते, की दूरचित्रवाणीवर बातम्या चालल्या होत्या आणि पोरगा त्यांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसला होता. दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आपणहून उठला, रानात गेला आणि उसाला पाणी पाजत बसला.

तेव्हापासून त्या घरात एक प्रश्न उभा आहे. बहिणीचे म्हणणे, आता पुरे. गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत इतक्या पोरांना कामे मिळतात, तर ह्याने सायकलीवर जाण्याजोगी नोकरी का धरू नये? दाजींचे म्हणणे असे की, समुद्राच्या पगारावर घर बांधले, धाकटीचे शिक्षण झाले. आणि आपल्या रानात एका भावाचे पोट भरते, दोघांचे नाही. दोघांचेही खरे. अशा भांडणात मामाने तोंड घालू नये, हे मला वयपरत्वे कळू लागले आहे.

प्रश्न अधिक बिकट होण्याचे कारण मुंबई हायचे स्वतःचे वय. १९८५ च्या सुमारास हे क्षेत्र भर तारुण्यात होते. दिवसाला पावणेपाच लाख पिंपांच्या आसपास तेल निघे. एक पिंप म्हणजे १५९ लिटर. देशात निघणाऱ्या तेलातले निम्म्याहून अधिक त्या एका क्षेत्राचे होते. आज तिथून दिवसाला सव्वा-दीड लाख पिंपेच निघतात. उपसणाऱ्याची चूक नव्हे, विहिरीचा धर्मच तो. तेल निघून गेले की खालचा दाब ओसरतो आणि उरलेले तेल वर यायला तयार होत नाही. मग समुद्राचेच पाणी गाळून, साफ करून, मोठ्या दाबाने त्या चुनखडीत सोडतात. ते तेलाला ढकलत विहिरीकडे आणते.

भाच्याने हे घरी सांगितले तेव्हा दाजींनी मांडीवर थाप मारली होती. "पाव्हणं, आमी इंजनात त्याल घालून हिरीतलं पाणी काढायचो. ह्यो म्हणतोय, तिथं पाणी घालून त्याल काढत्यात. आता कुणाला शाणं म्हणायचं सांगा!"

शहाणपण दोन्हीकडे आहे. म्हाताऱ्या विहिरीला कोणी टाकून देत नाही. तिचा गाळ काढतात, आडवे बोअर मारतात, पाणी जपून वापरतात. मुंबई हायचेही तेच चालले आहे. १९९४ साली आयोगाचे रूपांतर महामंडळात झाले. त्या महामंडळाने जानेवारी २०२५ मध्ये उत्पादन वाढवण्याच्या कामी 'बीपी' या ब्रिटिश कंपनीला दहा वर्षांसाठी तांत्रिक साहाय्यक म्हणून निवडले. खुद्द सागर सम्राटने खोदकामातून निवृत्ती घेतली, पण घरी बसला नाही. त्याचे रूपांतर तेल काढणाऱ्या तरत्या ठाण्यात झाले आणि डिसेंबर २०२२ मध्ये तो पुन्हा कामावर रुजू झाला. एक रुपयाच्या नोटेमागे ज्याचे चित्र असते, तोच हा सागर सम्राट. घरातल्या मुलांना ती नोट एकदा अवश्य दाखवावी.

तरीही देशाची तहान मोठी. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक बाहेरून आणावे लागते. म्हणून नव्या विहिरींचा शोध थांबत नाही, आणि तो आता अधिक खोल पाण्यात, पूर्वेकडे वळला आहे. आंध्रच्या काकिनाड्यासमोर बंगालच्या उपसागरात रिलायन्सने २००२ साली मोठा वायुसाठा शोधला, आणि त्याच बाजूच्या खोल पाण्यातल्या आपल्या क्षेत्रातून महामंडळाने ७ जानेवारी २०२४ ला पहिले तेल काढले. मुंबई हायला पाणी पाऊणशे मीटर. तिकडे ते शेकड्यांत आणि हजारांत मोजतात. तिथे पाय टेकवून उभे राहायची सोयच नाही. तरंगते जहाज वर, आणि विहिरीची तोंडे खाली समुद्राच्या तळावर, जिथे पाणबुड्याही जाऊ शकत नाही. सारे काम यंत्राच्या हातांनी करायचे.

भाच्याच्या कंत्राटदाराने त्याला तिकडची जागा देऊ केली आहे. पगार अधिक, अंतर अधिक. परवा तो पाळी संपवून घरी आला तेव्हा, निर्णय सांगण्यासाठीच की काय, आम्हा सर्वांना घेऊन नरसोबाच्या वाडीला गेला. कार्तिकातली संध्याकाळ. दत्ताचे दर्शन झाले, बासुंदी झाली, आणि आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. समोर पंचगंगा कृष्णेला मिळत होती. गडमुडशिंगीच्या ओढ्यांचे पाणीही त्या पंचगंगेतूनच येथवर आलेले.

त्याने आईला समजावले ते मला कोणत्याही पुस्तकात वाचायला मिळाले नव्हते. म्हणाला, की पूर्वेच्या त्या तेलवायूच्या पट्ट्याचे नावच मुळी कृष्णा-गोदावरी खोरे असे आहे. या दोन नद्यांनी कोट्यवधी वर्षे गाळ वाहून नेला, समुद्रात थरावर थर रचला, आणि त्या थरांत हा वायू आणि तेल सापडते. "आई, आपल्याच रानाची माती गेलीया तिकडं. परक्या मुलखात कुठं चाललोय मी?" एक वर्ष जाऊन पाहतो, कायम नोकरीची परीक्षाही देतो, आणि नाही जमले तर गोकुळ शिरगाव आहेच, असे त्याचे ठरले होते.

बहीण बराच वेळ गप्प होती. तिने द्रोणात वात लावून तो पाण्यावर सोडला. मग विचारले, "ह्ये पाणी तिकडं पोचायला किती दिस लागत्याल रे?"

पोराने बोटे मोजली. अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम्, नागार्जुनसागर. एवढी धरणे मध्ये आहेत, प्रत्येक ठिकाणी पाणी अडणार.

"ते पोचंस्तवर," तो म्हणाला, "माझी पाळी संपून मी घरी आलोय बघ."

"मग जा," ती म्हणाली. "पर पोचल्यावर फोन कर. पाण्याचं काय, त्ये सांगत न्हाई."